धागा: सोलापुरात क्लाउड चेंबर जमवायचंय – आणि ‘कण पाहिला’ म्हणजे नेमकं काय झालं?

होटगीरोड | ४ जानेवारी, रात्री ९:१०

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला अकरावी-बारावीच्या मुलांसमोर कण प्रत्यक्ष नोंदवून दाखवायचे आहेत, क्लाउड चेंबरमध्ये, म्हणजे कणांच्या वाटा धुक्याच्या रेघांनी दाखवणाऱ्या थंड पेटीत. फळा आणि चित्रफीत नको, टेबलावर घडलं पाहिजे. खोली पश्चिमेची, एसी नाही, फेब्रुवारीअखेर दुपारी आत ३३-३४ अंश होतात. तळ थंड करायला ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) घ्यावा की पेल्टियर (वीज दिली की एका बाजूने गार, दुसऱ्या बाजूने गरम होणारा तुकडा)? परवानगीच्या भानगडीत न पडता वापरता येईल असा किरणोत्सारी स्रोत कोणता? किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर आहे (एसबीएम-२० नळीचा), पण आकडे दर मिनिटाला नाचतात, ते मुलांना कसं समजवावं? शिवाय ‘आपण पाहिलं की कण वागणं बदलतो’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून आलेली दोन-चार मुलं असणारच. त्यांना काय सांगायचं?

धुक्यातली_रेघ | ४ जानेवारी, रात्री १०:३५

पहिल्यांदाच करताय तर ड्राय आइस. पेल्टियरवर कुणीतरी लिहीलच, मी चेंबरचं सांगतो.

माशांची छोटी काचपेटी घ्या, ३० × २० × २० सेंमी पुरे. ती उलटी ठेवायची, म्हणजे तिचा तळ वर येतो. त्या तळाच्या आतल्या बाजूला कडेकडेने फेल्टची ३ सेंमी रुंद पट्टी बसवा. चाटी गल्लीत जाड फेल्ट मिळेल. गोंदाने चिकटवू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोल बहुतेक गोंद सोडवतं आणि तेच खाली ठिबकत राहतं. बारीक चुंबकांच्या जोड्या, एक आत एक बाहेर, हा सोपा मार्ग. पेटीच्या तोंडाखाली ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, वरून काळा. रंगापेक्षा काळी इलेक्ट्रिकल टेप बरी, रंगाला थंडीत पापुद्रे सुटतात. पत्रा आणि काच यांच्यामध्ये मुलांची खेळण्याची चिकणमाती दाबून फट बंद करा.

अल्कोहोल ९९ टक्क्यांचंच हवं. सॅनिटायझरचं ७० टक्केवालं आणलंत तर पाणी आधी गोठतं, पत्र्यावर पांढरं कवच धरतं आणि बसा बघत. फेल्टला २० ते २५ मिली पाजा, ओलं चिंब पण न गळणारं.

ड्राय आइस उणे ७८.५ अंशाचा. तुकडे टॉवेलमध्ये गुंडाळून हातोडीने बारीक करा आणि थर्माकोलच्या ताटात सपाट पसरा. पत्रा त्यावर सगळीकडून टेकला पाहिजे. टेकत नसेल तर ड्राय आइसवर थोडं अल्कोहोल ओता, त्याचा रबडा होतो आणि तो फटी भरतो. पहिली पाच मिनिटं पत्रा किंचाळतो, घाबरू नका. मग आत रिमझिम दिसू लागते आणि दहा-पंधरा मिनिटांनी तळापासून सेंटीमीटरभर उंचीत रेघा उमटतात.

आत काय होतं ते थोडक्यात. वरची वाफ खाली येताना थंड होत जाते. तळाजवळ ती इतकी थंड असते की खरं तर तिचं द्रव व्हायला हवं, पण थेंबाला बसायला बूड मिळत नाही. विद्युतभारित कण हवेतून गेला की वाटेतल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो, मागे आयन राहतात आणि त्या आयनांवर थेंब बसतात. कण कधीच निघून गेलेला असतो. आपण पाहतो ती त्याच्या मागे राहिलेली थेंबांची ओळ. हे मुलांना पहिल्या मिनिटात सांगा, पुढचे अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

प्रकाश बाजूने, पत्र्याला जवळजवळ समांतर. एलईडीची पट्टी किंवा अरुंद झोताची बॅटरी. वरून टॉर्च मारली तर पत्राच चमकतो.

धोके दोन. अल्कोहोलची वाफ पेट घेते, म्हणून जवळ ठिणगी नको. ड्राय आइसचा कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साठतो, म्हणून खिडक्या उघड्या. हातमोजे कातड्याचे किंवा जाड कापडाचे, पातळ रबरी नकोत.

शेंगाचटणी | ४ जानेवारी, रात्री १०:५२

ड्राय आइस सोलापुरात कुठं मिळतोय बे? आइस्क्रीमवाल्याला विचारलं तर त्यानं मला कुल्फी दिली.

धुक्यातली_रेघ | ४ जानेवारी, रात्री ११:०५

पुण्याहून मागवा. औषधं आणि गोठवलेला माल पाठवणाऱ्यांना पुरवणारे विक्रेते तिथे आहेत. आदल्या संध्याकाळी निघालेला माल सकाळी इथे. जाड थर्माकोल पेटीतसुद्धा दिवसाला २ ते ४ किलो उडून जातो, म्हणून ४ किलो लागणार असेल तर ८ मागवा. पेटीचं झाकण हवाबंद चिकटवायचं नाही, वायूला वाट ठेवायची. काच वर असलेल्या बंद गाडीत मांडीवर घेऊन बसायचं नाही. आणि घरच्या फ्रीझरमध्ये ठेवून काही उपयोग नाही, उणे १८ म्हणजे त्याला भट्टीच.

अक्कलकोटरोड_एमआयडीसी | ५ जानेवारी, सकाळी ७:४०

पेल्टियरचं मी सांगतो, कारण त्यात सोलापूरचं हवामान आडवं येतं.

टीईसी१-१२७०६ हा नेहमीचा ४ × ४ सेंमीचा तुकडा. माहितीपत्रकात दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरक साधारण ६६ अंशांपर्यंत लिहिलेला असतो, पण तो उपसायच्या उष्णतेचा भार शून्य असताना. भार आला की फरक घसरतो. रेघा दिसायला पत्रा निदान उणे २५-३० अंशांवर हवा, म्हणून दोन तुकडे एकावर एक ठेवतात. खालचा १२ व्होल्टवर, वरचा ५ व्होल्टवर. दोन्ही १२ वर लावले की वरच्याची उष्णता खालच्याला उपसता येत नाही आणि दोन मिनिटांत सगळं उलट तापू लागतं. ही चूक सगळ्यांत जास्त दिसते.

खरी अडचण गरम बाजूची. खोली ३४ अंश, पंखा लावलेला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) ५० वर जातो. तिथून खाली उणे ३० म्हणजे ८० अंशांचा फरक, दोन तुकड्यांकडून प्रत्यक्षात निघत नाही. उपाय एकच, पाण्याने थंड करा. अ‍ॅल्युमिनियमचा वॉटर ब्लॉक, माशांच्या टाकीचा छोटा पंप आणि बादलीत बर्फाचं पाणी. गरम बाजू १० अंशांच्या आसपास राहिली की उणे ३० मिळतं. थर्मल पेस्ट पातळ लावा, लोण्यासारखी थापू नका. दोन तुकड्यांच्या कडांना फोमची चौकट, नाहीतर दव धरतं.

वीज ५ आणि १२ व्होल्ट दोन्ही देणाऱ्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून घ्या. दिवे गेले तर चेंबर दोन मिनिटांत आंधळं होतं. त्या दिवसापुरता इन्व्हर्टर.

आणि हे सगळं करून बघायला मिळतो ४ सेंमीचा चौकोन. वर्षभर कपाटात ठेवून कधीही चालू करायचं असेल तर पेल्टियर. एका दिवसासाठी नाही.

मोजमाप_मास्तर | ५ जानेवारी, सकाळी ९:१५

स्रोताबद्दल. कुठलाही परवान्याचा स्रोत आणू नका, गरज नाही. स्मोक डिटेक्टर फोडू नका. केरळच्या किनाऱ्यावरची मोनाझाइटची वाळू कुणी ‘आणून देतो’ म्हणालं तर नको म्हणा, अणुऊर्जेच्या कायद्यात ती विहित पदार्थ आहे.

चेंबरसाठी वेल्डिंगच्या दुकानातला टिग वेल्डिंगचा लाल टोकाचा टंगस्टन इलेक्ट्रोड. लाल खूण म्हणजे त्यात सुमारे २ टक्के थोरियम ऑक्साइड. अख्खी कांडी धाग्याने आत टांगा. तिच्यापासून अल्फा कणांच्या (हेलियमच्या अणुकेंद्रांच्या) जाड, आखूड, तुऱ्यासारख्या रेघा निघतात. कांडीला घासायचं नाही, कापायचं नाही. तिची धूळ फुफ्फुसात गेली तर वाईट, अख्खी कांडी निरुपद्रवी. हाताळून झाल्यावर हात धुवा.

गायगरसाठी म्युरिएट ऑफ पोटॅश. उसाला-द्राक्षाला घालतात ते तांबूस खत, मार्केट यार्डाजवळ कुठल्याही कृषी केंद्रात मिळतं. नैसर्गिक पोटॅशियमच्या दर ग्रॅममध्ये सेकंदाला सुमारे ३१ विघटनं होतात, पोटॅशियम-४० मुळे. खतात वजनाच्या निम्मं पोटॅशियम, म्हणजे ग्रॅममागे सेकंदाला १५-१६. शंभर ग्रॅम पातळ पिशवीत भरून नळीला लांबीभर लपेटा. मुलं केळं घेऊन येतील, इंटरनेटवर वाचलेलं असतं. केळ्यात पोटॅशियम जेमतेम अर्धा ग्रॅम, त्यात बरेचसे बीटा (विघटनातून सुटलेले वेगवान इलेक्ट्रॉन) गरातच अडतात. या नळीवर केळं काहीही दाखवणार नाही. खाऊन टाका.

एसबीएम-२० ची भिंत पोलादी आहे, पातळ असली तरी अल्फा आत येत नाहीत. म्हणून वेल्डिंगच्या कांडीवर गायगर फार चढला नाही तर नळी बिघडली समजू नका.

होटगीरोड | ५ जानेवारी, दुपारी १:२०

फुग्याचा रेडॉन प्रयोग (हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूपासून झालेले कण घासलेल्या फुग्यावर जमवायचे) आपल्याकडे चालतो का? आणि आकडे नाचतात त्याचं राहिलं.

मोजमाप_मास्तर | ५ जानेवारी, रात्री ८:३०

फुगा चालतो, पण जपून अपेक्षा ठेवा. आपण दख्खनच्या बेसाल्टवर बसलोय. काळ्या पाषाणात युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटच्या मानाने फार कमी, त्यामुळे रेडॉनही कमी. तळमजल्याची खोली रात्रभर बंद ठेवा, पंखा बंद. फुगा लोकरीवर घासून अर्धा-पाऊण तास टांगा, मग हवा सोडून चुरगळलेलं रबर नळीला लावा. रबरावर जमतात ती रेडॉनची लेकरं, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, अर्धायुष्यं सुमारे २७ आणि २० मिनिटं. दोन्ही साखळीत असल्याने वाढीव गणना साधारण पाऊण तासाने निम्मी होताना दिसते. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली कोरडी हवा याला उत्तम. जुलैत फुगा विद्युतभार धरूनच ठेवत नाही.

आता नाचणारे आकडे. समजा मिनिटाला सरासरी २० ठोके. मग एखाद्या मिनिटाला १५, एखाद्याला २६ येणं हे यंत्राचं चुकणं नव्हे. प्रत्येक विघटन स्वतंत्र, कुणी कुणाला विचारून होत नाही. अशा मोजणीत N ठोके आले तर अपेक्षित चढउतार साधारण √N. वीसला साडेचार, दोनशेला चौदा. दहापट मोजलंत तर सापेक्ष चूक तिपटीने कमी होते, दहापटीने नाही. म्हणून एक-एक मिनिटाचा आकडा फळ्यावर लिहून ‘वाढला, कमी झाला’ करणं बंद करा.

उदाहरण: दहा मिनिटं रिकामी नळी २००, दहा मिनिटं खतासह ३५०. फरक १५०, आणि फरकाची अनिश्चितता √(२००+३५०), म्हणजे सुमारे २३. सहापटीहून मोठा फरक, खत खरंच काहीतरी सोडतंय. हेच एका मिनिटात केलं असतं तर २० आणि ३५, फरक १५ ± ७. दोनपट. यावर मी पैज लावणार नाही.

अजून एक चूक, तीव्र स्रोताजवळ होणारी. या नळीत एक ठोका पडला की सुमारे १९० मायक्रोसेकंद ती मेलेली असते, दुसरा कण आला तरी कळत नाही. खरा दर = मोजलेला दर ÷ (१ – मोजलेला दर × मृतकाळ). सेकंदाला १००० मोजले असतील तर खरे १२३५ च्या आसपास. तुमच्या खताच्या प्रयोगात ही दुरुस्ती नगण्य, पण सूत्र मुलांना जरूर दाखवा. मोजणारं यंत्र किती वेळ आंधळं असतं हे कळल्याशिवाय त्याच्या आकड्याला अर्थ नाही.

शेंगाचटणी | ५ जानेवारी, रात्री ८:४१

मग ते ‘पाहिलं की इलेक्ट्रॉन लाजतो’ ते खरं का खोटं? मुख्य धागा त्याचा आहे की ओ.

कणाद_४१३००१ | ५ जानेवारी, रात्री ११:५०

खोटं नाही, पण ‘पाहिलं’ या शब्दाने घोळ घातलाय. डोळ्यांचा, मनाचा, जाणिवेचा संबंध नाही. कणाला दोन वाटा मोकळ्या असल्या की पलीकडे व्यतिकरणाचे पट्टे उमटतात, म्हणजे दोन्ही वाटांच्या लहरी मिसळून झालेले उजेड-अंधाराचे पट्टे. कण कुठल्या वाटेने गेला याची नोंद जगात कुठेतरी उरली की ते पट्टे जातात. ती नोंद कुणी वाचो न वाचो, खोलीला कुलूप असो.

सगळ्यांत स्वच्छ उदाहरण व्हिएन्नाचं. तिथे १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंच्या रेणूंचे व्यतिकरण पट्टे मिळवले. पुढे २००४ मध्ये त्याच गटाने ७० कार्बनचे रेणू लेसरने तापवत नेले. तापलेला रेणू वाटेत स्वतःच फोटॉन सोडतो, आणि तो फोटॉन ‘मी इथून निघालो’ ही बातमी घेऊन जातो. जितकं तापमान जास्त तितके पट्टे फिके. कुणी पाहत नव्हतं. रेणूनेच आपला पत्ता सांडला.

टेबलावर दाखवायचं असेल तर हे करा. साहित्य: लाल लेसर पॉइंटर, ३० गेजची मोटार रिवाइंडिंगची तार (जाडी सुमारे ०.३ मिमी), जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पोलरायझर फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश पुढे सोडणारी).

आधी नुसती तार झोताच्या मधोमध उभी ताणा. ४ मीटरवरच्या भिंतीवर तारेच्या सावलीत, जिथे अंधार हवा तिथे, सुमारे ८ मिमी अंतराने उभे पट्टे दिसतात. डाव्या बाजूने आणि उजव्या बाजूने गेलेल्या प्रकाशाची ती बेरीज-वजाबाकी.

आता तारेच्या डावीकडे आडव्या अक्षाची फिल्म, उजवीकडे उभ्या अक्षाची, दोघींचा सांधा बरोबर तारेमागे. सावलीतले पट्टे जातात. प्रत्येक वाटेवर शिक्का बसला. बाहेरच्या कडेचे बारीक पट्टे राहतील, ते एकेका कडेचे आहेत, त्यांना भुलू नका. मग या सगळ्याच्या पुढे, भिंतीआधी, तिसरी फिल्म ४५ अंशांत धरा. शिक्का पुसला, पट्टे परत. ती ९० अंशांनी फिरवा, पट्टे पुन्हा दिसतील पण उजेडाच्या जागी अंधार. दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवली की सपाट उजेड, म्हणजे मधली पायरी. ही शेवटची गोष्ट वगळू नका, नाहीतर ‘पुसल्यावर भूतकाळ बदलला’ असली भाषा सुरू होते.

बिघडतं कुठे: पॉइंटरचा प्रकाश बहुधा स्वतःच ध्रुवित असतो. तो आडवा असेल तर उभी फिल्म अंधारीच राहते आणि पट्टे भलत्याच कारणाने जातात. म्हणून आधी पॉइंटर त्याच्या अक्षाभोवती फिरवून दोन्ही फिल्ममधून सारखा उजेड येईल असं करा. फिल्मवरचा जुना चिकट थर नीट निघाला नाही तर भिंतीवर नुसता चिवडा. आणि आपल्याकडे यंत्रमागाची तूस हवेत असते, एक तंतू फिल्मवर बसला तरी तो स्वतःचे पट्टे काढतो. तोंडाने फुंकू नका, रबरी फुंकणीने उडवा.

प्रामाणिकपणे हेही सांगा की एवढा प्रयोग साध्या प्रकाशलहरींनीही समजावता येतो. त्यातला क्वांटम भाग उजेड मंद करून एकेक फोटॉन मोजला तरच समोर येतो.

अक्कलकोटरोड_एमआयडीसी | ६ जानेवारी, सकाळी ७:२५

मग पॉइंटरसमोर काळी काच लावून ‘एकेक फोटॉन’ म्हणता येईल का?

कणाद_४१३००१ | ६ जानेवारी, सकाळी ८:०५

हिशोब करा. ६५० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ३.०६ × १०⁻¹⁹ जूल. १ मिलिवॉट म्हणजे सेकंदाला ३.३ × १०¹⁵ फोटॉन. तेहतीस कोटी देवांची कोटीपट! एक मीटरची मांडणी पार करायला फोटॉनला ३.३ नॅनोसेकंद. मांडणीत एका वेळी सरासरी ०.१ फोटॉन हवा असेल तर सेकंदाला ३ कोटी. म्हणजे झोत दहा कोटी पटीने मंद करायचा. सनग्लासने काम भागत नाही.

जी. आय. टेलर यांनी १९०९ मध्ये काजळी धरलेल्या काचांनी उजेड मंद करून सुईच्या सावलीचं छायाचित्र घेतलं, सर्वांत लांब एक्स्पोजर जवळजवळ तीन महिन्यांचं. पट्टे जसेच्या तसे. तरीही मंद केलेला लेसर म्हणजे एकेक फोटॉनचा स्रोत नव्हे, त्यात मधूनच दोन-तीन एकत्र येतात. एक फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर दुभंगत नाही, दोन्हीकडचे शोधक एकाच वेळी वाजत नाहीत, हे ग्रॅन्जिए, रॉजे आणि आस्पे यांनी १९८६ मध्ये दाखवलं.

आता चेंबरकडे परत, कारण मोजमापाचा सगळ्यांत सुंदर प्रश्न त्याच काचपेटीत आहे. अल्फा कण अणुकेंद्रातून निघतो तो सिद्धांताप्रमाणे सगळ्या दिशांना सारख्या पसरणाऱ्या गोल लहरीच्या रूपात. मग रेघ सरळ का? गोल धुकं का नाही? नेव्हिल मॉट यांनी १९२९ मध्ये याचं उत्तर दिलं. लहर एकट्या अल्फाची धरायची नाही, अल्फा आणि वाटेतले रेणू यांची एकत्र धरायची. तसं गणित केलं की दोन रेणू एकदम आयनित होण्याची शक्यता तेव्हाच लक्षणीय निघते, जेव्हा ते दोन रेणू आणि मूळ केंद्र जवळपास एका रेषेत असतात. पहिला थेंब कुठे पडेल ते सांगता येत नाही. तो पडला की पुढचे त्याच ओळीत.

‘मग स्थान आणि संवेग दोन्ही कळले की, दोन्ही एकदम नेमके कळत नाहीत म्हणणारा हायझेनबर्ग कुठे गेला?’ हा प्रश्न हुशार मूल विचारेलच. आकड्याने उत्तर द्या. ५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या अल्फाचा संवेग सुमारे १०⁻¹⁹ किलो·मीटर/सेकंद. थेंबाची जागा आपल्याला ०.१ मिमीपर्यंत कळते. त्यासाठी संवेगात लागणारी किमान अनिश्चितता ५ × १०⁻³¹, म्हणजे मूळ संवेगाच्या हजार कोटी भागांतला एक भागसुद्धा नाही. अणूच्या आकाराइतकं नेमकं स्थान धरलं तरी लाखात अर्धा भाग. रेघ वाकण्याइतकं काही होतच नाही.

होटगीरोड | १८ जानेवारी, संध्याकाळी ६:१५

चाचणी घेतली. थंडी झाली, रिमझिम दिसते, पण वीस मिनिटं नुसतं पांढरं दाट धुकं. रेघा नाहीत. मधेच टेपखाली बुडबुडे. अल्कोहोल ९९ टक्के, खोली २७ अंश.

धुक्यातली_रेघ | १८ जानेवारी, संध्याकाळी ७:०२

फट. खालची चिकणमाती थंडीत आकसून सुटते. बाहेरची हवा धूळ घेऊन येते, प्रत्येक धूलिकणावर थेंब बसतो आणि कणासाठी वाफच उरत नाही. मातीच्या बाहेरून कडेने थोडं अल्कोहोल सोडा, फटीत शिरून तेच बूच होतं. मग दहा मिनिटं पेटीला हात लावू नका, आतली धूळ थेंबांबरोबर खाली बसू द्या.

तरी धुकं राहिलं तर वाफ जास्त होतेय. फेल्ट कमी भिजवा. फेब्रुवारीअखेर ३४ अंशांत हेच होणार आहे, म्हणून प्रयोग सकाळी आठ-नऊला ठेवा. उलट आत काहीच हालचाल नसेल तर झाकणावर कोमट पाण्याची पिशवी.

जुने आयन साफ करायला विद्युतक्षेत्र लागतं. डास मारायच्या बॅटचं सर्किट लावायचा सल्ला जागोजागी वाचाल, अल्कोहोलच्या वाफेत ती ठिणगी नको. पीव्हीसी पाइप लोकरीच्या शालीवर घासून झाकणावर धरा, हे क्षेत्र पुरतं. (सोलापुरी चादर इथे कमी पडते, सुती आहे. हळहळ वाटते.)

बुडबुडे म्हणजे टेपखाली अडकलेली हवा. टेप पुन्हा लावा, चमच्याच्या पाठीने घासून.

होटगीरोड | १९ जानेवारी, रात्री ९:३०

फटच होती. आता रेघा आहेत! जाड आखूड आहेत, बारीक वेड्यावाकड्या आहेत, काही लांब सरळ. लांब सरळ म्हणजे म्युऑन (वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होऊन खाली येणारे कण) असं लिहून लावू का?

मोजमाप_मास्तर | १९ जानेवारी, रात्री १०:१०

‘बहुधा म्युऑन’ लिहा. समुद्रसपाटीला आडव्या चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो, पण त्यातले बरेच वरून खाली येतात. तुमच्या पेटीत रेघा उमटवणारा थर सेंटीमीटरभर जाड, म्हणून सरळ खाली येणारा म्युऑन ठिपक्यासारखा दिसतो. लांब रेघ देतो तो तिरका येणारा, आणि तिरके कमी. शिवाय वेगवान इलेक्ट्रॉनही तशीच बारीक सरळ रेघ ओढतो. रेघ बघून ओळख पटत नाही, शक्यता कळते.

जाड आखूड ३ ते ५ सेंमीच्या त्या अल्फा. पाच मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा अल्फा हवेत साडेतीन सेंटीमीटरमध्ये लाखाच्या वर आयनजोड्या करून थांबतो. म्युऑन सेंटीमीटरला शंभरच्या आत करतो, म्हणून त्याची रेघ मोत्यांसारखी तुटक. वेड्यावाकड्या त्या मंद इलेक्ट्रॉनच्या, रेणूंवर आपटत जातात.

निओडिमियम चुंबकाने म्युऑन वळवून दाखवू नका. ४ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा म्युऑन ०.३ टेस्लात ४४ मीटर त्रिज्येने वळतो, तुमची पेटी ३० सेंमीची. १ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा बीटा ०.१ टेस्लात पावणेपाच सेंमी त्रिज्येने वळतो, तो दिसतो.

म्युऑन ठामपणे मोजायचे तर दोन सिंटिलेटर (कण गेला की क्षणभर चमकणाऱ्या थाळ्या) एकावर एक आणि दोन्ही एकदम वाजले तरच नोंद. ऊटीचा ग्रेप्स-३ हा वैश्विक किरणांचा प्रयोग हेच फार मोठ्या प्रमाणावर करतो, ५६० चौरस मीटरची म्युऑन दुर्बीण, ३७१२ नळ्यांची.

अक्कलकोटरोड_एमआयडीसी | २० जानेवारी, सकाळी ७:३०

पुढच्या वर्षी ते करणार असाल तर ५ × ५ × १ सेंमी प्लास्टिक सिंटिलेटर, ती चमक टिपणारा ६ मिमीचा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर सेन्सर आणि नोंदीसाठी आर्डुइनोचा छोटा बोर्ड. आराखडे मोकळे उपलब्ध आहेत. पण तापमान बघा. या सेन्सरच्या सी-सिरीजमध्ये ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर गेल्यावरच सेन्सर काम करतो तो) अंशामागे साडेएकवीस मिलिव्होल्टने चढतो. जानेवारीत २० अंशांवर जुळवलेलं यंत्र मेमध्ये ४० वर चालवलं तर ०.४३ व्होल्ट गेले. ब्रेकडाउनच्या वर दिलेला व्होल्टेज अडीच असेल तर गेन (प्रत्येक ठोक्याचा आकार) सतरा टक्क्यांनी खाली. त्याच वेळी सेन्सरचे अंधारातले खोटे ठोके वाढतात, जे आधीच सेकंदाला दहा लाखांच्या घरात असतात. म्हणून उंबरठा अनेक फोटॉनांच्या वर ठेवायचा आणि तापमानाची नोंद प्रत्येक ओळीत घ्यायची.

दोन थाळ्यांत १० सेंमी अंतर असेल तर तासाला शंभरच्या आसपास खरे जोडठोके येतील. योगायोगाचे जोडठोके = २ × वेळखिडकी × पहिल्याचा दर × दुसऱ्याचा दर. दोन्ही सेकंदाला १० आणि खिडकी १० मायक्रोसेकंद धरली तर तासाला सात. ते वजा करायला विसरू नका. काळी टेप दोन थर. उजेड शिरतो का ते ट्यूबलाइट चालू-बंद करून बघा, दर हलला तर गळती आहे.

होटगीरोड | २० जानेवारी, रात्री ८:००

शेवटचा प्रश्न. मोबाइलवर चित्रण करून मुलांकडून रेघा मोजून घेतो. फोकस आणि एक्स्पोजर लॉक केलंय. दोन मुलांचे आकडे जुळत नाहीत, एक म्हणते ४८, दुसरा ४५. कुणाचा घ्यायचा?

मोजमाप_मास्तर | २० जानेवारी, रात्री ८:२५

एकाचाही नाही. दोघांना एकमेकांचं न बघता प्रत्येक रेघेची वेळ आणि जागा लिहायला लावा, मग दोघांच्या यादीत असलेल्या समान रेघा मोजा. समजा ३६. मग एकूण रेघा सुमारे ४८ × ४५ ÷ ३६ = ६०. मुलीची नजर ३६/४५, म्हणजे ८० टक्के, मुलाची ३६/४८, म्हणजे ७५. बबल चेंबरची (तापलेल्या द्रवात बुडबुड्यांनी कणांच्या वाटा दाखवणाऱ्या यंत्राची) छायाचित्रं हाताने तपासत तेव्हा तपासणाऱ्यांची कार्यक्षमता अशीच काढत. फक्त एक ध्यानात ठेवा, फिकट रेघ दोघांच्याही नजरेतून सुटते, म्हणून ६० हासुद्धा आकडा खालचाच. जाड आणि बारीक रेघांसाठी हा हिशोब वेगवेगळा करा.